गच्चीवरील क्षारपड

बारामती आणि इंदापूर या दोन्ही गावांत आता गच्चीवरच्या आणि अंगणातल्या बागा हौसेने लावल्या जातात. औद्योगिक वसाहतीलगतची नवी घरे असोत किंवा जुने वाडे पाडून त्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती असोत, जिन्यावर, सज्जात आणि पाण्याच्या टाकीच्या सावलीत कुंड्यांची रांग दिसतेच. तुळस, मोगरा, जास्वंद यांच्या जोडीला कढीपत्ता येतो, मग टोमॅटो आणि मिरची येते, आणि एखाद्या उत्साही घरात दुधी भोपळ्याचा वेलही गच्चीच्या कठड्यावर चढतो.

पहिले वर्ष छान जाते. दुसऱ्या उन्हाळ्यात पानांचे शेंडे करपू लागतात, कडा तपकिरी होतात, जास्वंदीची पाने पिवळी पडतात आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात. कुंडीच्या काठावर पांढरी भुकटी जमलेली असते. तिला कोणी बुरशी समजतो, कोणी चुना. घरातील मंडळी आधी खत वाढवतात, मग पाणी वाढवतात, आणि शेवटी ‘आमच्या हाताला गुणच नाही’ असे म्हणून रिकाम्या कुंड्या गच्चीच्या कोपऱ्यात उपड्या घालतात.

हाताचा यात काही दोष नसतो. ती पांढरी भुकटी म्हणजे क्षार होत, आणि ते ज्या पाण्यातून येतात त्याच पाण्याने या भागातील शेतजमिनीचाही एक मोठा प्रश्न उभा केला आहे. बारामती-इंदापूरकडे पर्यावरणस्नेही बागकामाचा विचार करायचा तर तो रोपवाटिकेपासून सुरू न करता पाण्यापासून करावा लागतो.

नीरेच्या खोऱ्यातील जुना धडा

सह्याद्रीने अडवलेल्या पावसाचा उरलासुरला वाटा या दोन तालुक्यांना मिळतो. वर्षाकाठी साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बेभरवशाचा. जून-जुलैच्या सरी बऱ्याचदा हुलकावणी देतात आणि खरा पाऊस सप्टेंबरात पडतो. खाली काळा बेसाल्ट खडक. हा खडक झिजताना त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि सोडियम सुटतात. कोकणात किंवा मावळात हे सारे मुसळधार पावसाबरोबर वाहून जाते. येथे ते धुऊन नेण्याइतका पाऊस नसल्यामुळे क्षार जमिनीतच राहतात आणि भूजलात उतरतात. विहीर खोदताना लागणारे चुनखडीचे खडे, बोअरच्या पाण्याने बादलीच्या तळाशी धरणारा पांढरा थर आणि डाळ लवकर न शिजण्याची गृहिणींची तक्रार, या सगळ्यांचे मूळ एकच आहे.

१८७६-७७ च्या भीषण दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. वीरपासून निघून बारामतीवरून इंदापूरकडे जाणाऱ्या या कालव्याने कोरडवाहू मुलखात ऊस आणला. पुढे साखर कारखाने आले, वालचंदनगरसारखी वसाहत उभी राहिली आणि या पट्ट्याचे अर्थकारणच बदलून गेले. मात्र कालवा आल्यानंतर एका पिढीच्या आतच काही शेतांत पिके येईनाशी झाली. पाणी भरपूर, जमीन काळी आणि खोल, तरीही उगवण नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी व्ही. ए. ताम्हाणे यांच्यासह या जमिनींचा अभ्यास केला आणि नीरा खोऱ्यातील खाऱ्या जमिनींवरील त्यांची पुस्तिका १९१० मध्ये मुंबई इलाख्याच्या शेती खात्याने प्रसिद्ध केली. ग्रामीण समाजाच्या अभ्यासकांना हेच डॉ. मॅन दख्खनमधील खेड्यांच्या पाहणीसाठी परिचित आहेत.

जमीन खारी कशी होते, हे समजायला अवघड नाही. पिकाला लागते त्याहून जास्त पाणी दिले की ते खाली झिरपते. त्याला पुढे वाट नसेल तर भूजलाची पातळी वर येते. ती मुळांच्या जवळ पोचली की वातीतून तेल वर चढावे तसे पाणी मातीतून पृष्ठभागाकडे चढते, उन्हाने त्याची वाफ होते आणि त्यातील क्षार मात्र मागे राहतात. वर्षानुवर्षे हे चालले की जमिनीवर पांढरे फूल उमटते. शेतकरी अशा जमिनीला क्षारपड म्हणतात; सोडियमचे प्रमाण वाढून माती चिकट, घट्ट आणि पाणी न मुरणारी झाली की ती चोपण. दोन्हींवर पहिला उपाय सांगितला जातो तो निचऱ्याचा, म्हणजे चर खोदून खारे पाणी बाहेर काढण्याचा.

गच्चीवरील कुंडी हे असेच एक छोटे शेत आहे. फरक इतकाच, की शेताला क्षारपड व्हायला वीस-पंचवीस वर्षे लागत असतील, तर कुंडीला दोन उन्हाळे पुरतात.

पाव किलोचा हिशेब

आकडेमोड करून पाहू. घरच्या बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, लिटरला १००० मिलिग्रॅम आहे असे धरू. म्हणजेच प्रत्येक लिटरमागे एक ग्रॅम क्षार. मध्यम आकाराच्या कुंडीला रोज एक लिटर पाणी आणि पावसाळ्याचे दिवस वगळून वर्षात असे अडीचशे दिवस. बारा-पंधरा किलो मातीत वर्षअखेर पाव किलो क्षार जमा झाले! हिशेब ढोबळ आहे. यातला चुन्याचा भाग मातीत खडा होऊन बसतो आणि तितका अपाय करत नाही, काही भाग तळाच्या भोकातून निघून जातो. तरीही निम्मा जरी विरघळलेल्या स्थितीत राहिला, तरी नाजूक मुळांना तो सोसणारा नाही. मातीतील पाणी खारट झाले की मुळांना ते ओढून घेता येत नाही. माती ओली असूनही झाड तहानलेले राहते आणि दुपारी माना टाकते. आपण त्याला आणखी पाणी देतो, म्हणजे आणखी क्षार देतो.

याच वेळी खताची पुडी उघडली जाते. पाण्यात विरघळणारी १९:१९:१९ सारखी मिश्र खते रसायनशास्त्राच्या दृष्टीने बहुतांशी क्षारच आहेत. पाऊसमान चांगले असलेल्या आणि गोड्या पाण्याच्या भागात कुंडीला चिमूटभर रासायनिक खत दिल्याने आकाश कोसळत नाही. येथे मात्र तीच चिमूट आधीच भरलेल्या पेल्यात पडते. म्हणून पुण्या-मुंबईत जे बागकाम हौस किंवा तत्त्व म्हणून सेंद्रिय पद्धतीने केले जाते, ते बारामती-इंदापुरात पाण्याने घातलेली अट म्हणून करावे लागते. झाडाला इप्सम सॉल्ट घालण्याचा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. आपल्या जड पाण्यात मॅग्नेशियम बऱ्याचदा भरपूर असते, तेव्हा तो येथे डोळे मिटून पाळू नये.

पाने पिवळी पडण्याची गोष्ट थोडी वेगळी. पान पिवळे आणि शिरा मात्र हिरव्या, असे कोवळ्या पानांवर दिसले तर ती लोहाची कमतरता समजावी. जास्वंद, लिंबू आणि मोगरा यांच्यावर ती लवकर दिसते. गंमत अशी, की काळ्या मातीत लोह कमी नसते. मातीचा सामू आठाच्या वर गेला आणि चुना जास्त असला की ते लोह झाडाला घेता येत नाही, इतकेच. त्यामुळे कुंडीत गंजलेले खिळे पुरण्याचा घरगुती उपाय येथे निरुपयोगी ठरतो. गंज हे न विरघळणारेच लोह आहे. फारच निकड असेल तर कृषी सेवा केंद्रात मिळणारे चिलेटेड लोह थोड्या प्रमाणात वापरता येते. कायमचा इलाज म्हणजे मातीत कुजलेला पालापाचोळा वाढवणे. तो कुजताना निघणारी सौम्य आम्ले लोह मोकळे करतात.

गोडे पाणी आणि खारे पाणी

ज्यांच्या नळाला कालव्याचे किंवा धरणाचे पाणी येते, त्यांनी ते झाडांना द्यावे असे सांगणे सोपे आहे. उन्हाळ्यात नळाला दोन-चार दिवसांनी पाणी येऊ लागले की ते पिण्यासाठी राखावेच लागते, आणि ते योग्यही आहे. झाडांच्या वाट्याला बोअरचे पाणी येते ते याच काळात, जेव्हा त्याचा खारेपणा सर्वाधिक असतो.

दोन पाणी मात्र झाडांना कधीही देऊ नयेत. पहिले, आरओ यंत्रातून बाहेर पडणारे टाकाऊ पाणी. ‘वाया जाण्यापेक्षा झाडांना’ या सद्भावनेने त्याची नळी कुंडीत सोडलेली अनेक घरांत दिसते. आपण पितो त्या पाण्यातून काढलेले सर्व क्षार त्यात एकवटलेले असतात. फरशी पुसायला, संडासात ओतायला ते उत्तम. दुसरे, मीठ भरून चालवल्या जाणाऱ्या जलमृदूकरण यंत्राचे, म्हणजे सॉफ्टनरचे पाणी. अंघोळीला ते मऊ लागते, साबणाला फेस येतो. पण ते यंत्र पाण्यातला चुना काढून त्या जागी सोडियम घालते. मातीच्या दृष्टीने हा तोट्याचा व्यवहार आहे. चुन्याच्या पाण्याने माती निदान मोकळी राहते, सोडियमने ती चोपण होते. कपडे धुतलेले पाणीही याच कारणाने टाळावे. तांदूळ, डाळी, भाज्या धुतलेले पाणी मात्र खुशाल घालावे. वातानुकूलन यंत्राच्या नळीतून ठिबकणारे पाणी तर जवळजवळ पावसाच्या पाण्यासारखे क्षारमुक्त असते. दुकाने आणि दवाखाने यांच्या मागच्या भिंतीवरून ते दिवसभर ओघळत असते आणि कोणी त्याखाली बादली ठेवत नाही.

पावसाचे पाणी हे खरे भांडवल. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी मिळते. म्हणजे शंभर चौरस मीटर गच्चीवर ५०० मिलिमीटर पावसाचे पन्नास हजार लिटर होतात. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी चाळीस हजार. हे आकडे ऐकून हुरळून जाणारे पुढचा प्रश्न विचारत नाहीत, की हे ठेवायचे कोठे? चाळीस कुंड्यांच्या बागेला उन्हाळ्यात रोज साठ लिटर पाणी लागले तर हजार लिटरची टाकी सोळा-सतरा दिवसांत संपते. टाक्यांची रांग लावणे बहुतेकांना परवडणारे नाही. म्हणून साठवलेले पाणी रोजच्या पाण्यासाठी न वापरता मिसळण्यासाठी आणि कुंड्या धुण्यासाठी राखून ठेवणे शहाणपणाचे. निम्मे पावसाचे आणि निम्मे बोअरचे पाणी मिसळले की क्षार सरळ निम्म्यावर येतात. रोपे लहान असताना एवढीही मदत पुरते.

कुंडी धुणे हा शब्दप्रयोग नवखा वाटेल, पण क्रिया सोपी आहे. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट गोडे पाणी, म्हणजे दहा लिटर मावणाऱ्या कुंडीला वीस लिटर, अगदी सावकाश तासाभरात ओतावे आणि तळाच्या भोकातून वाहू द्यावे. क्षार त्याबरोबर निघून जातात. हेच काम सप्टेंबरचा पाऊस फुकट करतो. त्या महिन्यात छज्जाखालच्या, जिन्यातल्या सगळ्या कुंड्या उघड्यावर आणून ठेवाव्यात. धुण्याबरोबर थोडी अन्नद्रव्येही जातात, त्यामुळे नंतर मूठ-दोन मुठी गांडूळ खत द्यावे.

रोजच्या पाण्याची रीतही बदलायला हवी. दररोज संध्याकाळी प्रत्येक कुंडीला तांब्याभर पाणी शिंपडणे ही क्षार साठवण्याची हमखास पद्धत आहे. वरचा थर ओला होतो, वाळतो, आणि क्षार तेथेच राहतात. त्याऐवजी कुंडी भरून, खालून थोडे पाणी निथळेपर्यंत द्यावे आणि मग वाफसा येईपर्यंत थांबावे. वाफसा हा शेतकऱ्यांचा फार अचूक शब्द आहे: माती ना चिखल ना कोरडी, मुठीत दाबली तर गोळा होतो आणि बोटाने टोकरला तर फुटतो, ती अवस्था. बोट दोन पेरे मातीत घालून पाहिले की ती कळते. आणि कुंडीखालची बशी काढून टाकावी. निथळलेले खारे पाणी बशीत साचते आणि माती तेच पुन्हा वर शोषून घेते. फरशी खराब होऊ नये म्हणून ठेवलेली बशी म्हणजे निचऱ्याचा चर बुजवलेले शेत.

रसवंतीची चिपाडे

मातीचा प्रश्न उरतो. शेतातली काळी माती तशीच कुंडीत भरली तर पावसाळ्यात ती फुगून बसते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि पाणी कडेने घसरून निघून जाते. म्हणून रोपवाटिकेतून लाल माती आणली जाते. ती कोठल्या तरी डोंगराची कातडी सोलून आलेली असते. पर्यावरणस्नेही बागेची सुरुवात त्याने व्हावी हे विचित्रच. नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे कोकोपीट, दक्षिणेतून येतो आणि नीट धुतलेला नसेल तर त्यात स्वतःचेच क्षार असतात.

आपल्याकडे मात्र ऊस आहे. उसाची चिपाडे आणि पाचट वापरून शहरात शेती करण्याचा विचार महाराष्ट्रात जुना आहे. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला. तासगावच्या द्राक्षशेतीत त्यांच्या कामाचा ठसा आहे. दाभोलकर २००१ मध्ये निवर्तले. त्यांचे सूत्र असे, की सूर्यप्रकाश पानांत साठतो, ती पाने पुन्हा मातीला द्या, म्हणजे बाहेरून फार काही आणावे लागत नाही. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी उसाच्या चिपाडांवर गच्चीत भाज्या आणि फळझाडे वाढवून दाखवली. २००२ मध्ये तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तेथल्याच ओल्या कचऱ्यावर बाग उभी केली. मुंबईकरांना चिपाडे गोळा करत हिंडावे लागते. बारामतीत ती रसवंतीगृहाच्या दारात ढिगाने पडलेली असतात.

ताजी चिपाडे थेट कुंडीत भरू नयेत. त्यातील उरलेल्या साखरेमुळे मुंग्या येतात, ती आंबतात, तापतात. शिवाय त्यांत कर्बाचे प्रमाण फार आणि नत्राचे अगदी थोडे असते. कुजवणारे जिवाणू मग मातीतला नत्र स्वतःच वापरून टाकतात आणि झाड पिवळे पडते. म्हणून चिपाडे कोयत्याने बोटभर लांबीची तोडून, भिजवून, त्यांत शेण किंवा शेणखत, स्वयंपाकघरातील भाजीचा कचरा आणि मूठभर जुनी माती असे थर द्यावेत. झाकून ठेवलेल्या पिंपाला बाजूने भोके असावीत आणि आठवड्याला एकदा ढीग वरखाली करावा. दोन-तीन महिन्यांत ढिगाचा रंग काळपट होतो आणि पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो. हे खत, वाळू किंवा बारीक मुरूम आणि थोडी काळी माती यांचे मिश्रण हलके, पाणी धरणारे आणि तरीही निचरा होणारे असते. साखर कारखान्यातून मिळणारे प्रेसमड, म्हणजे रस गाळल्यावर उरणारी मळी, हेही चांगले खत आहे. मात्र तेही पूर्ण कुजवूनच वापरावे. कच्चे असताना ते तापते आणि त्याचा वास शेजाऱ्यांचा संयम पाहतो.

हलकेपणाला दुसरेही एक कारण आहे. वावरण्यायोग्य गच्चीचा आराखडा करताना भारतीय मानकानुसार साधारण दर चौरस मीटरला दीडशे किलो इतका वापराचा भार गृहीत धरला जातो. ओल्या मातीचा एक फूट जाडीचा वाफा चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जातो. गच्चीभर माती पसरण्याचा बेत असेल तर आधी स्थापत्य अभियंत्याला विचारावे, आणि मोठ्या कुंड्या शक्यतो खांब आणि तुळयांच्या वरच्या बाजूला ठेवाव्यात.

उन्हाळ्यात पाचटाचे आच्छादन हवेच. बोटभर जाडीचा थर मातीवर अंथरला की बाष्पीभवन कमी होते, म्हणजेच पाणी आणि क्षार दोन्ही वाचतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा काळ्या प्लॅस्टिकच्या कुंडीतली मुळे अक्षरशः शिजतात. अशा कुंड्यांना बाहेरून चुना फासावा किंवा गोणपाट गुंडाळावे. भाजलेल्या मातीच्या कुंड्या महाग पडल्या तरी येथे अधिक चांगल्या. त्यांच्या भिंतीतून पाणी झिरपते, कुंडी गार राहते आणि बराचसा क्षार बाहेरच्या अंगावर येऊन बसतो. तो ब्रशने खरवडून टाकता येतो.

काय लावावे

कोणते झाड क्षार किती सोसते, यात मोठा फरक असतो. श्रावण घेवडा, गाजर, कांदा आणि स्ट्रॉबेरी ही अगदी नाजूक. मिरची जरा बरी, टोमॅटो आणि काकडी त्याहून बरी. चवळी आणि बीट मात्र चांगलीच काटक. घेवड्याची शेंग हवी म्हणून वर्षानुवर्षे झुरण्यापेक्षा चवळीचा वेल चढवला तर तीन महिने शेंगा खाता येतात. पालक आणि चाकवत जमतात. आणि घोळ! कुंडीत आपोआप उगवलेली ही मांसल पानांची भाजी आपण तण म्हणून उपटून फेकतो. खाऱ्या मातीत तिच्याइतकी खुशीत राहणारी पालेभाजी शोधून सापडणार नाही, आणि डाळ घालून केलेली घोळाची भाजी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना तिची आंबूस चव सांगायला नको.

अंगण असेल तर शेवगा आणि कढीपत्ता यांना पर्याय नाही. शेवग्याच्या शेंगांपेक्षा त्याचा पाला अधिक नियमित मिळतो. झाड दरवर्षी पुरुषभर उंचीवर छाटले तर पाला हाताशी राहतो. कोरफड, गवती चहा, अडुळसा आणि पानओवा ही औषधी मंडळी फारशी तक्रार करत नाहीत. लिंबू मात्र क्षारांना हळवे आहे. ते लावायचेच तर सर्वांत गोड्या पाण्याजवळ लावावे.

डाळिंबाबद्दल एक सावधगिरी. इंदापूर तालुका डाळिंबाचा आहे आणि अंगणात डाळिंबाचे झाड असावे असे अनेकांना वाटते. झाड क्षार बऱ्यापैकी सोसते, हेही खरे. पण तेल्या या जिवाणूजन्य रोगाने राज्यातील डाळिंब बागांचे अतोनात नुकसान केले आहे. घरच्या झाडाची निगा राखली गेली नाही आणि त्यावर तेल्या आला, तर ते आसपासच्या बागायतदाराच्या डोक्याला ताप ठरते. शेजारी डाळिंबाची बाग असेल तर घरी सीताफळ लावावे. ते कमी पाण्यात येते आणि त्याला गुरेही तोंड लावत नाहीत.

निमगाव केतकीचे पानमळे पाहिलेल्यांना आश्चर्य वाटेल, की एवढ्या रखरखीत तालुक्यात विड्याच्या पानाची वेल, जिला सावली, दमट हवा आणि मऊ माती लागते, ती कशी काय टिकते? तेथील शेतकरी हवामान बदलत नाहीत. ते मळ्यापुरते वेगळे हवामान तयार करतात. शेवरी, हादगा, पांगारा अशी झाडे दाट लावून त्यांच्यावर वेल चढवतात. वरून ऊन गाळले जाते, कडेच्या कुडामुळे उष्ण वारा अडतो, आणि आत पाऊल टाकले की गारवा जाणवतो. पाणी थोडे थोडे दिले जाते, पण ते साचू दिले जात नाही. वेल फार उंच गेली की तिची उतरण करतात, म्हणजे वेल खाली उतरवून तिची वेटोळी बुंध्याशी मातीत पुरतात; त्या पेरांना नवी मुळे फुटतात आणि वेल पुन्हा तरुण होते. ही सगळी युक्ती सज्जात करता येते. पूर्वेकडची भिंत, शेजारी उंच झाडांच्या दोन-तीन कुंड्या, पश्चिमेला गोणपाटाचा किंवा शेडनेटचा पडदा आणि मोठ्या तोंडाची मातीची कुंडी. वर्षा-दोन वर्षांनी त्याच कुंडीत वेलीची उतरण करावी. पानवेल खाऱ्या पाण्याला मुळीच दाद देत नाही, तेव्हा साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर पहिला हक्क तिचा.

माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था सुरू झाली. दुष्काळ, उष्णता आणि क्षार अशा ताणांचा अभ्यास करणाऱ्या या संस्थेच्या वाट्याला मुरमाड, खडकाळ माळ आला, आणि तेथे खडक फोडून, माती भरून फळझाडे वाढवण्याचे काम तिने केले. खडकात खोदलेल्या खड्ड्यात झाड लावणे आणि कुंडीत झाड लावणे यांत तत्त्वतः अंतर नाही. माती मोजकी, निचरा आपण करून द्यायचा.

किडींबाबत थोडक्यात. क्षारांनी आणि तहानेने हैराण झालेल्या झाडावर मावा आणि पिठ्या ढेकूण आधी येतात, त्यामुळे वरचे उपाय केले तर निम्मी कीड आपोआप टळते. उरलेलीसाठी कडुनिंब आहेच. पावसाच्या तोंडावर कडुनिंबाखाली पडणाऱ्या निंबोळ्या वेचून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर लिटरभर पाण्यात भिजवाव्यात, सकाळी फडक्यातून गाळावे, चिमूटभर साबण विरघळवावा आणि ऊन उतरल्यावर फवारावे. यासाठीही पाणी गोडेच घ्यावे. जड पाण्यात साबण फुटतो आणि अर्क पानावर पसरत नाही.

या सर्वांच्या आधी करायचे काम म्हणजे पाणी तपासून घेणे. बारामतीच्या शारदानगर येथील कृषी विज्ञान केंद्र १९९२ पासून कार्यरत आहे आणि तेथे माती-पाणी परीक्षणाची सोय आहे. बोअर दहा-पंधरा मिनिटे चालू ठेवावा, स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठोकाठ भरून बूच लावावे आणि त्याच दिवशी प्रयोगशाळेत द्यावी. अहवालात विद्युत वाहकता आणि सोडियमचे प्रमाण हे दोन आकडे पाहावेत. वाहकता ०.७ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा कमी असेल तर पाणी निर्धोक; ३ च्या वर गेली तर ते पाणी कुंड्यांना न दिलेलेच बरे; मधल्या आकड्यांना मिसळणे आणि धुणे लागू पडते. सोडियम जास्त निघाले तर जिप्सम किती घालावे, ते तेथेच विचारून घ्यावे. एक तपासणी दिवाळीनंतर आणि दुसरी मे महिन्यात करावी. त्याच बोअरचे हे दोन आकडे शेजारी ठेवले की उन्हाळ्यात कुंड्यांची संख्या किती कमी करायची, हे ठरवता येते.